दोन बोर्ल्या, एक रकाना

रायगडात बोर्ली दोन. श्रीवर्धन तालुक्यातली बोर्ली पंचतन आणि मुरुडची बोर्ली मांडला. माझ्या प्रोजेक्टच्या यादीत दोन्ही नुसत्या 'बोर्ली' झाल्या, पुढे एक चौकोन! अलिबाग मात्र शाबूत.

मायएसक्यूएलचं टेबल होतं लॅटिन-१चं. तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. अलिबाग १८ बाइट. 'बोर्ली'सुद्धा १८, मोकळी जागा १, आणि रकाना २०चा! 'पंचतन'च्या 'प'चा एकच बाइट आत आला. स्ट्रिक्ट मोड बंद, म्हणून बाकीचे गुपचूप छाटले गेले.

मग मी सरळ 'कन्व्हर्ट टू' चालवलं. मूर्खपणा. आधीच यूटीएफ-८ असलेले बाइट लॅटिन समजून पुन्हा बदलले गेले आणि सगळ्या गावांनी फ्रेंच टोप्या घातल्या. नशीब, बॅकअप होता.

बरोबर रस्ता असा: रकाना आधी व्हारबायनरी करायचा, म्हणजे बाइटना हात लागत नाही, मग व्हारचार, यूटीएफ८एमबी४. नुसतं 'यूटीएफ८' नको, त्यात ३ बाइटच मावतात. रुपयाचं चिन्ह बसेल, पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीला ४ लागतात.

छाटलेले बाइट काही परत येत नाहीत. कोण कुठल्या बोर्लीचा, ते खोल्याखोल्यांत जाऊन विचारलं.