लेकराला अजब बंगला दाखवताना

अगं, लेकराला अजब बंगला दाखवायला नागपूरला येतेस म्हणालीस, फार बरं वाटलं. ये, पण मुक्कामाने ये. उंद्रीहून पहाटे निघायचं आणि रात्री घरी परतायचं, असं मनातसुद्धा आणू नकोस. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरहून नागपूर जवळ आलंय खरं, पण चार वर्षांच्या जिवाला गाडीतलं बसणं बसणंच असतं. पोटात ढवळलेलं असलं, झोप अर्धवट मोडलेली असली, की समोर वाघ उभा केलास तरी तुझ्या खांद्यावरून तो मान उचलणार नाही. आदल्या सांजेला माझ्याकडे पोचा. सकाळी पोटभर खाऊ घालू आणि दार उघडताच आत शिरू. सोमवारी बंद असतं, तेवढं ध्यानात ठेव.

आता मुख्य सांगते. सगळं दाखवायचं नाही. अजब बंगला म्हणजे 1863 सालचं संग्रहालय आहे. मूर्ती आहेत, शिलालेख आहेत, शस्त्रं आहेत. ते त्याला दहाव्या वर्षी दाखव. आत्ता फक्त काचेमागे जपून ठेवलेले प्राणी, पक्षी आणि सरपटणारे जीव. त्यातही तो जिथे थांबेल तिथे तू थांबायचंस. एकाच घुबडापुढे तो रेंगाळला तर रेंगाळू दे. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून पोरांना दंडाला धरून एका काचेकडून दुसऱ्या काचेकडे ओढत नेणाऱ्या आया मला तिथे दिसतात, तेव्हा जीव तुटतो. त्या घुबडाच्या नख्या बघून लेकराच्या डोक्यात काहीतरी जुळत असतं, आणि आपण ते मधेच तोडतो.

सुरुवात ओळखीच्या जिवांपासून कर. वावरातल्या पोराला मोर, घोरपड, कोल्हा, धामण नवीन नाही, पण बाहेर ती क्षणभर दिसतात आणि पळून जातात. इथे काचेला नाक लावून बघता येतं. तुरीत शिरणारा रोही त्याने लांबूनच पाहिला असेल. त्यालाच विचार, “याचे खूर आपल्या बैलासारखे आहेत का रे?” उत्तर तू देऊ नकोस. पाटीवरची नावं वाचून दाखवत बसू नकोस. चोच अशी वाकडी का, पाय असे लांब का, एवढं विचारलंस तरी तो बोलत सुटेल.

एक प्रश्न तो नक्की विचारेल, “हा मेलाय का?” तेव्हा “झोपलाय” असं चुकूनही सांगू नकोस. रात्री त्याला स्वतःच्याच झोपेची भीती वाटायची. सरळ सांग, हो, मेलाय. त्याचं कातडं जपून, आत साचा भरून, काचेचे डोळे बसवून उभा केलाय, म्हणजे आपल्याला जवळून बघता यावा. हे मन लावून करणारी माणसं आजही आहेत. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात त्यासाठी केंद्र आहे, आणि पशुवैद्यक महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड या कामासाठी देशभर ओळखले जातात. तरीही लेकरू घाबरलं, रडलं, तर हसू नकोस, बळजबरी करू नकोस. बाहेर सावलीत बसा, पाणी पाज. पुन्हा जायचं का, हे त्यालाच ठरवू दे.

वाघाची गोष्ट मात्र घरूनच सांगून आण. आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात डिसेंबर 2019 मध्ये वाघ आला होता, आठवतं ना? यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला तरणा वाघ, गळ्यात पट्टा बांधलेला. त्या पट्ट्यामुळेच कळलं की स्वतःचं जंगल शोधत तो तेलंगणातही जाऊन आला आणि पाच महिन्यांत जवळपास 1300 किलोमीटर चालला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत आपल्या बुलडाण्यापर्यंत! ही गोष्ट ऐकलेलं लेकरू काचेतल्या वाघाचे पंजे बघेल, आधी तोंड नाही.

डायनासोरचं वेड असेल, तर टीव्हीवरच्या परदेशी डायनासोरवर त्याला सोडू नकोस. आपल्या विदर्भातच, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या जमिनीत डायनासोरची हाडं सापडली, आणि दगड झालेलं शेणही! त्या शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले. 2005 मध्ये ते संशोधन जगासमोर आलं, तेव्हा डायनासोरच्या काळी गवत होतं हे पक्कं झालं. शेणाचं नाव काढलं की पोरं खदखदून हसतात, आणि मग ऐकतातही. गोठ्यात वाढलेल्या लेकराला तर ही गोष्ट लगेच कळते.

परत गेल्यावर विषय संपवू नकोस. नागपूरपेक्षा मोठं दालन आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर उल्का आदळून झालेलं, पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद, तेही काळ्या बेसाल्ट दगडात. तो दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे पसरलेला लाव्हा, आणि त्याचीच झीज होऊन आपल्या वावरातली काळी माती झाली. हिवाळ्यात ने त्याला. वरच्या काठावरून दाखवलंस तरी पुरे, लहानग्याला खाली उतरवायची घाई नको.

घरात एक खोका त्याच्या हवाली कर. विहिरीच्या खोदकामातली गारगोटी, गळलेलं पीस, सापाची कात, पावसाळा सरल्यावर खाली पडलेला सुगरणीचा खोपा, जे आणेल ते त्यात ठेवू दे. अंडी आणि नांदतं घरटं मात्र उचलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी समजावून सांग. केर म्हणून तो खोका तुझ्या सासूबाई फेकून देतील, तेव्हा त्यांनाही आधीच विश्वासात घे. आजीला गारगोट्यांची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते, त्या दोघांची गट्टी जमेल.

तर दिवाळीनंतर, कापूस वेचून झाला की निघा. भाऊजींनाही आण, लेकराला उचलून घ्यायला दोन हात जास्त लागतात. आणि निघायच्या आधी मला फोन कर, म्हणजे मी सुट्टी टाकते.