न्यायमूर्ती तेलंग आणि ज्यूल फेरी : एक तुलना

इ. स. १८९३ हे साल दोन व्यक्तींच्या निधनामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १७ मार्च रोजी पॅरिस येथे फ्रान्सचे माजी पंतप्रधान ज्यूल फेरी वारले आणि १ सप्टेंबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंग निवर्तले. फेरी साठ वर्षांचे होते, तेलंग अवघे त्रेचाळीस. आपण एकाचे नाव युरोपच्या इतिहासाच्या तासाला ऐकतो, दुसऱ्याचे आधुनिक भारताच्या. तास वेगळे आणि वह्याही वेगळ्या, त्यामुळे ही दोन चरित्रे शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात तसा एक अल्प प्रयत्न केला आहे.

फेरी यांचा जन्म १८३२ सालचा. ते पेशाने वकील होते. तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्याचे विरोधक म्हणून ते पुढे आले. १८७० साली प्रशियाकडून पराभव झाला, साम्राज्य कोसळले आणि प्रजासत्ताक आले. प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला असता शहराचा कारभार फेरींकडे होता. त्या उपासमारीच्या दिवसांत लोकांनी त्यांना भरपूर शिव्याशाप दिले. १८७९ साली ते शिक्षणमंत्री झाले, नंतर दोनदा पंतप्रधानही झाले. त्यांचे नाव राहिले ते मात्र शाळेमुळे. १८८१ च्या कायद्याने फ्रान्समधील सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झाले. २८ मार्च १८८२ च्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे झाले आणि सरकारी शाळेतील धर्मशिक्षणाची जागा नीती व नागरिकत्वाच्या शिक्षणाने घेतली. राजा गेला तरी प्रजा आपोआप नागरिक होत नाही, नागरिक शाळेत घडवावा लागतो, ही त्यांची धारणा होती.

आता आपल्या मुंबईकडे वळू. तेलंगांचा जन्म १८५० सालचा. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते एम. ए., एलएल. बी. झाले आणि १८७२ साली उच्च न्यायालयात वकिली करू लागले. त्यांची विद्वत्ता थक्क करणारी होती. मॅक्समुल्लर यांच्या ग्रंथमालेत त्यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १८८२ साली प्रसिद्ध झाले. 'मुद्राराक्षस' त्यांनी संपादिले. जर्मन नाटककार लेसिंग याचे धर्मसहिष्णुतेवरील नाटकही त्यांनी मराठीत आणले. परंतु ते केवळ ग्रंथांत रमणारे पंडित नव्हते. १८७७ साली त्यांनी हिंदुस्थानच्या दृष्टीने संरक्षक जकातींची बाजू मांडली आणि १८८३ साली इल्बर्ट विधेयकाच्या समर्थनार्थ टाउन हॉलच्या सभेत भाषण केले. फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग हे त्रिकूट त्या काळच्या मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा कणा होते.

या दोघांच्या कार्याची खरी गाठ पडते ती १८८२ साली. फेरींचा कायदा पॅरिसमध्ये मंजूर झाला त्याच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारीत, हिंदुस्थान सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला होता. तेलंग त्याचे एक सभासद होते. आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे व नगरपालिकांकडे सोपवाव्यात असे सुचविले, पण शिक्षण सक्तीचे करावे अशी शिफारस केली नाही. महाविद्यालयांसाठी निसर्गधर्माच्या तत्त्वांवर आधारलेले नीतीचे पाठ्यपुस्तक तयार करावे, ही एक शिफारस मात्र होती. तेलंगांनी तिला स्वतंत्र टिपणात विरोध नोंदविला.

येथे थोडे थांबून विचार करावा. फ्रान्समध्ये लोकांनी निवडलेले सरकार शाळेत नीतिशिक्षण आणत होते. शिक्षकाने वर्गात एकाही पालकाला प्रामाणिकपणे खटकेल असे काही बोलू नये, असे फेरींनी १८८३ साली शिक्षकांना पत्राने बजावले. मुंबईचे तेलंग मात्र सरकारी नीतिपाठाला नकार देत होते. हा विरोधाभास वरवरचा आहे. फ्रान्समधील पालकाला मत होते आणि मंत्री नकोसा झाला तर त्याला घरी बसविता येत होते. येथील पालकाला तसा कोणताच अधिकार नव्हता. परक्या सत्तेने लिहिलेली नीती आणि आपल्या प्रतिनिधींनी ठरविलेली नीती यांत फरक करावाच लागतो. फेरींच्या हाती कायदा होता, तर तेलंगांच्या हाती केवळ भिन्नमताचे टिपण.

त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून एक निवेदन गेले. ते जोतीराव फुले यांचे होते. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, असे त्यांनी स्पष्ट मांडले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. जे फ्रान्समध्ये मंत्र्याने केले, ते येथे सत्तेबाहेरचा एक माणूस अर्ज करून मागत होता. त्या अर्जाला आयोगाकडून होकार आला नाही.

आता दोघांच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत, एरवी हा लेख केवळ स्तुतिपाठ ठरेल. शाळेत समता शिकविणाऱ्या फेरींनीच ट्युनिशिया आणि तोंकिन येथे फ्रेंच सत्ता पसरविली. तोंकिनच्या युद्धापायी मार्च १८८५ मध्ये त्यांचे मंत्रिमंडळ पडले. त्याच वर्षी २८ जुलै रोजी, श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर काही हक्क असतात, असे त्यांनी संसदेत प्रतिपादन केले. क्लेमांसो यांनी दोनच दिवसांनी त्यांचा कडक समाचार घेतला. पुढे पाचच महिन्यांनी, २८ डिसेंबर १८८५ रोजी, मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात ७२ प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले. त्यांत तेलंग होते. ज्यांना फेरींचे तत्त्वज्ञान कनिष्ठ ठरविणार, तीच माणसे तेथे बसून प्रतिनिधित्वाचा हक्क मागत होती. वांद्र्याहून लोकलने ग्रँट रोडला उतरून गोवालिया टँककडे चालत गेले की ती जागा लागते. पॅरिसमधील त्या भाषणाला उत्तर म्हणून हे अधिवेशन भरले नव्हते, पण आपल्याला आज ते तसे वाचता येते.

आणि तेलंग? १८८६ साली त्यांनी सामाजिक सुधारणेआधी राजकीय सुधारणा व्हावी असा पक्ष मांडला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांचा पाठिंबा होता. पण स्वतःच्या मुलीचे लग्न त्यांनी ती लहान असतानाच लावून दिले, आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला. तो दोष खोटा नव्हता. फेरींचे तत्त्व समुद्रकिनाऱ्याशी थांबले, तर तेलंगांचे घराच्या उंबरठ्याशी. म्हणून दोघांचे कार्य खोटे ठरत नाही. परंतु त्या वेशीबाहेर कोण उभे होते, हे विचारल्याशिवाय कोणत्याही मुत्सद्द्याचे मूल्यमापन पुरे होत नाही. तोंकिनचा शेतकरी, आठ-दहा वर्षांची मुलगी आणि फुल्यांच्या निवेदनातले शूद्रातिशूद्रांचे मूल हे सारे त्या वेशीबाहेरच होते.

तेलंग १८८९ साली न्यायाधीश झाले आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू. त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, १८९३ साली, सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात नेला. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले, पण पुढील वर्षी ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात तसा कायदा केला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशभर अंमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. फेरींच्या कायद्यापासून आणि फुल्यांच्या निवेदनापासून मोजले, तर मध्ये १२८ वर्षे जातात.

या वर्षांचा हिशेब परीक्षेत कोणी विचारणार नाही. पण आपण वर्गात बसलो आहोत तो बाक कोणाच्या तरी मागणीतून, कोणाच्या तरी नकारातून आणि कित्येकांच्या वाट पाहण्यातून आपल्यापर्यंत आला आहे, एवढे उमगले तरी युरोपची वही आणि भारताची वही एकत्र ठेवल्याचे सार्थक होईल.