सागावरचा पतंग

कर्जतहून खोपोलीकडे जाणारी गाडी पळसदरीला थांबते. गावाच्या नावात पळस असला, तरी भोवतालच्या डोंगरउतारांवर सागही पुष्कळ आहे. मृगाच्या सरी पडल्या की त्याला कोवळी, रुंद पाने फुटतात. परंतु एखाद्या वर्षी आषाढात विलक्षण दृश्य दिसते. सभोवारचे रान हिरवेगार, आणि साग मात्र उघडाबोडका! पानांच्या जागी नुसत्या जाड शिरा उरलेल्या असतात. झाड मेले की काय, अशी शंका पाहणाऱ्यास येते.

हा प्रताप एका लहानशा पतंगाच्या अळ्यांचा होय. १७७७ साली पीटर क्रॅमर या डच अभ्यासकाने त्याचे प्रथम वर्णन केले. शास्त्रज्ञ त्यास ‘हिब्लिया प्यूरा’ म्हणतात. पंख पसरले तरी त्याची रुंदी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर भरते. पुढचे पंख करडे-तपकिरी असतात. दिवसा ते छपराप्रमाणे मिटून तो बसला, म्हणजे वाळक्या पानाचा तुकडाच वाटावा! मागच्या काळसर पंखांवर सुंदर नारिंगी-पिवळे पट्टे असतात. पण ते झाकलेले. शिवाय त्याचे हिंडणे रात्रीचे. त्यामुळे अपराधी सहसा दृष्टीस पडत नाही.

मादी कोवळ्या पानांवर एकेक करून शेकडो अंडी घालते. इवलीशी अळी प्रथम पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते. थोडी मोठी झाली की ती पानाची कड कातरून दुमडते, रेशमी धाग्याने जखडते आणि त्या घडीत दडून आपला चरितार्थ चालविते. अळ्या फार झाल्या, म्हणजे पाऊस थांबल्यावरही झाडाखाली बारीक टपटप ऐकू येते. ती त्यांच्या विष्ठेच्या कणांची! पुढे अळी धाग्याच्या आधाराने खाली उतरते व पालापाचोळ्यात कोश करते. अनुकूल हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो.

साग मात्र मरत नाही. त्याला पुन्हा पालवी फुटते. पण खोडाच्या वाढीस लागावयाची शक्ती त्या पालवीत खर्च होते. केरळातील निलांबूरच्या कोवळ्या सागवनात संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा अळ्यांमुळे लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

सागाच्याच कुळातील निर्गुडीवरही या अळ्या जगतात. इतकेच नव्हे, तर मुंबईच्या खाड्यांतील तिवरांची वनेही त्यांनी निष्पर्ण केलेली आहेत.

पावसाळा सरताना सागाच्या पानांची नाजूक जाळी झालेली दिसते. ते काम दुसऱ्याच एका पतंगाच्या अळीचे. ती शिरांमधला हिरवा भाग तेवढा खाते. बारीकसारीक शिरा जागच्या जागी राहतात.