वर्गाबाहेर काढण्याआधी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
३ ऑगस्ट

चि. सोनू,

ओकलंडच्या शाळेत तू रुजू होते आहेस आणि त्याआधी वांशिक साक्षरतेचं आणि रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिसचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, असं ताईनं सांगितलं. ‘मी भेदभाव करतच नाही, मग मला हे कशाला?’ असं तू तिला विचारलंस म्हणे. इथल्या शाळांत मी अर्धं आयुष्य शिकवलं आहे, म्हणून उत्तर मीच लिहिते.

भेदभाव करायचं मनात नसलेल्या शिक्षकांच्या हातूनही तो घडतो. अमेरिकी सरकारच्या २०१७-१८ च्या आकडेवारीत सरकारी शाळांतली कृष्णवर्णीय मुलं सुमारे १५ टक्के होती, पण सस्पेंड करून घरी पाठवलेल्यांत ती सुमारे ३८ टक्के होती. ‘ती मुलं दंगाच जास्त करतात,’ असं तुला स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी सांगेल. रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका शहरातल्या शाळांच्या नोंदी तपासून दाखवलं, की गोऱ्या मुलांना सिगरेट, तोडफोड, न विचारता निघून जाणं अशा उघड दिसणाऱ्या गोष्टींसाठी ऑफिसात पाठवलं जात होतं. कृष्णवर्णीय मुलांना मात्र उद्धटपणा, फार आवाज अशा कारणांसाठी. म्हणजे शिक्षकाला काय वाटलं, त्यावर. २०१५ मध्ये ओकोनोफुआ आणि एबरहार्ट यांनी शिक्षकांना एकाच मुलाच्या दोन किरकोळ चुकांची नोंद वाचायला दिली आणि फक्त नाव बदललं. पहिल्या चुकीला फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या चुकीला मात्र कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या मुलाला जास्त कडक शिक्षा हवी, असं शिक्षकांचं मत पडलं.

तेव्हा ‘हा पुन्हा तसाच वागला’ असं मनात येईल तो क्षण सांभाळ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे हॉवर्ड स्टीव्हन्सन अशा वेळी एक साधी गोष्ट करायला सांगतात: आपल्याला किती राग किंवा भीती वाटते आहे त्याला दहापैकी गुण द्यायचे, शरीरात ती कुठे जाणवते ते पाहायचं, मनात काय बोलतो आहोत ते ऐकायचं, आणि श्वास घेऊन सोडायचा. मग रेफरल, म्हणजे मुलाला ऑफिसात पाठवायची चिठ्ठी लिही, आणि त्यात फक्त पाहिलेलं-ऐकलेलं लिही. ‘उद्धटपणे बोलला’ नको. तो जे बोलला ते शब्द लिही. लिहिण्यासारखं काही उरलं नाही, तर रेफरल फाडून टाक. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बारावीपर्यंतच्या कुठल्याच मुलाला केवळ ‘ऐकत नाही’ म्हणून शाळा घरी बसवू शकत नाही. पण वर्गाबाहेर काढायचा अधिकार अजून तुझ्या हातात आहे.

आता रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिसमधल्या सर्कलविषयी, म्हणजे सगळ्यांनी गोल बसून बोलण्याविषयी. ही पद्धत कॅनडातल्या आदिवासी समाजांकडून आणि न्यूझीलंडच्या माओरींकडून आलेली आहे, हे ऋण विसरू नकोस. ओकलंडमध्ये फानिया डेव्हिस यांनी २००५ मध्ये याच कामासाठी संस्था काढली, वेस्ट ओकलंडच्या कोल मिडल स्कूलमध्ये प्रयोग झाला आणि २०१० मध्ये तिथल्या शालेय जिल्ह्यानं हे धोरण म्हणून स्वीकारलं.

माझ्या शाळेतला एक प्रसंग सांगते. जेवणाच्या सुट्टीत आपल्याकडच्याच एका मुलानं एका कृष्णवर्णीय मुलीची वेणी ओढली आणि तिच्या रंगावरून बोलला. तिला लगेच त्याच्यासमोर बसायचं नव्हतं. आम्ही तिला भरीस घातलं नाही. ती तयार झाल्यावर खुर्च्या गोल मांडल्या. दोघांचे पालक आले. हातोहात फिरणारा दगड ज्याच्याकडे असेल त्यानंच बोलायचं. काय घडलं, कुणाला त्रास झाला, आता काय करायला हवं, एवढेच प्रश्न. ती म्हणाली, वेणीपेक्षा सगळं टेबल हसलं ते जास्त लागलं. मग हसणाऱ्यांनाही बोलवावं लागलं. त्या मुलानं त्याच टेबलापाशी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. तिच्या मागणीप्रमाणे विज्ञानाच्या तासाला त्याची जागा बदलली. ‘घरी आम्ही रंगावरून किती सहज बोलतो,’ असं त्याची आई त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली.

रंगावरून न बोलणं आपल्या लोकांना शिकावंच लागेल. आपली माणसं इथे येऊ शकली ती १९६५ च्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्यामागे कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा समजू नकोस.

आणि सर्कल घेतलं म्हणजे झालं, असंही समजू नकोस. पिट्सबर्गच्या ४४ शाळांत रँड संस्थेनं केलेला या पद्धतीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सस्पेन्शन कमी झाली, गोऱ्या-काळ्यांतली तफावतही घटली. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. म्हणून मुलांना आपलं मानताना अभ्यासात हयगय होऊ देऊ नकोस. कच्च्या गणितानंही मूल दाराबाहेरच राहतं. भांडण झाल्यावर पहिलं सर्कल घेतलंस तर मुलं गप्प बसतील. पहिल्या आठवड्यापासून साध्या गोष्टींसाठी घे: काल काय आवडलं, कशाची काळजी वाटते. सवय आधी लागली, तर कठीण दिवशी ती बोलतील. आणि वर्गातल्या एकुलत्या कृष्णवर्णीय मुलाला ‘तू सांग, तुम्हाला कसं वाटतं’ असं कधीही विचारू नकोस. सगळ्यांना शहाणं करणं हे त्याचं काम नव्हे.

पहिल्या महिन्याअखेर तू कुणाला, कधी आणि कशासाठी बाहेर पाठवलंस त्याची यादी कर. मुलांची नावं गाळून ती घेऊन माझ्याकडे ये. दोघी मिळून वाचू.

तुझी,
मावशी