श्रमसाहित्य आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : ‘अधांतर’च्या संदर्भात

यंत्र आणि श्रमिक यांच्या संबंधाचे चित्रण मराठी साहित्याला नवे नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीच्या शीर्षकातच मागाचा धोटा आहे. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहात कामगाराचे जगणे हेच त्याचे शिक्षण ठरते. या परंपरेत श्रमाचे स्थळ दृश्य आहे : गिरणी, भोंगा, मोर्चा. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे घडणाऱ्या स्थित्यंतराच्या आकलनास ही परंपरा कितपत पुरेशी ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. या संपाचे परिणाम चित्रित करणाऱ्या जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकात रंगमंचावर गिरणी नाही. आहे ती चाळीतील एक खोली. बंद पडलेले काम घरातील माणसांच्या परस्परसंबंधांत, त्यांच्या चिडीत आणि अबोल्यात प्रकट होते. श्रमाचे हे अदृश्य होणेच येथे महत्त्वाचे आहे.

या गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१६ मध्ये पनवेल तालुक्यातील कोन येथील २,४१७ घरांची सोडत काढली. याच तालुक्यात, नवीन पनवेललगतच्या सुकापूरसारख्या गावांतून गृहसंकुले उभी राहिली असून तेथे संगणकावर काम करणारा नवा नोकरवर्गही राहतो. या वर्गाच्या श्रमाला भोंगा नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० म्हणजे दोन टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे असल्याचे सांगितले. गिरणीच्या दाराला लागलेले कुलूप सर्वांना दिसत होते. येथे नोकरी नेमकी कशाने गेली, हेच वादग्रस्त राहते. कारण निश्चित नसले की माणूस दोष स्वतःकडे घेतो आणि सामूहिक प्रश्न वैयक्तिक अपयशाच्या रूपाने घरात शिरतो.

म्हणून नव्या श्रमानुभवाचे पूर्वरूप मोर्चाच्या कवितेपेक्षा ‘अधांतर’मधील खोलीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. मात्र त्या खोलीबाहेर गिरणगाव होते, दुःख ओळखणारे शेजारी होते. सदनिकेच्या बंद दाराआडच्या श्रमिकाला असा समूह कोणत्या भाषेत लाभेल, हा श्रमसाहित्याच्या अभ्यासापुढील खरा प्रश्न आहे. अनुवाद आणि मुद्रितशोधन ही कामेही आता यंत्राच्या कक्षेत आल्याने मराठीच्या अभ्यासकाला त्याकडे त्रयस्थपणे पाहता येणार नाही.