वीजतंत्री व्हायचे? आधी करार, मग काम

बुलढाणा, खामगाव, मलकापूर येथे उस्तादाच्या हाताखाली वायरिंग शिकणारी अनेक होतकरू मुले आहेत. हाताला काम येते, पण जवळ कागद नसतो. नव्या वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराचीच सही चालते. त्यामुळे वर्षानुवर्षे राबूनही असा कारागीर दुसऱ्याचा मदतनीसच राहतो. यातून बाहेर पडण्याचा सरळ मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवारी.

प्रथम दहावी उत्तीर्ण होऊन आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा 2 वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. नंतर केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवून महावितरण, एसटी किंवा एखाद्या कारखान्याकडे अर्ज करावा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घ्यावेच लागतात.

रुजू होताना तीन गोष्टी पाहाव्यात. करार नोंदला आहे काय? विद्यावेतन किती लिहिले आहे? शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार काय?

कामाचा पहिला धडा सुरक्षिततेचा. मेन स्विच बंद करावा, फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासावा, मगच तारेला लावून पाहावा.

उमेदवारीनंतर नोकरीची हमी कायदा देत नाही, हे ध्यानात असू द्यावे. मात्र प्रमाणपत्र असले की परवान्याची आणि स्वतःच्या दुकानाची वाट सोपी होते. पालकांनी मुलाला उस्तादाकडे जरूर पाठवावे, पण आयटीआयचा फॉर्म चुकवू नये.