व्यंगचित्राचा ठसा व समाजशिक्षण

व्यंगचित्र हे केवळ हसविण्याचे साधन नव्हे. १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकाचे संपादक शं. वा. किर्लोस्कर (१८९१-१९७५) हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी आपल्या व्यंगचित्रांतून जुनाट रूढींवर व अंधश्रद्धेवर प्रहार केले. एका ठशावरून शेकडो प्रती निघतात व निरक्षरासही आशय उमगतो, म्हणून सत्ताधीश अशा चित्रांना भितात. फ्रान्समध्ये दोमिए याने १८३१ साली शिळाछापाच्या चित्रात राजास अधाशी राक्षस दाखविले. परिणामी १८३२ साली त्यास कारावास घडला.

वर्गात बटाटा अर्धा कापून ठसा कोरून घ्यावा. उंच राहिलेल्या भागास शाई लागते व छाप उलटी उमटते, हे मुलांना प्रत्यक्ष पाहू द्यावे. विषय परिचयाचा असावा : आपल्या अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्यात होणारी पाण्याची नासाडी, किंवा कर्ज काढून केलेला लग्नाचा थाट.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कोणाचे शारीरिक वैगुण्य, जात वा दारिद्र्य हा थट्टेचा विषय होता कामा नये. दुबळ्यास हसणे ही कुचेष्टा होय. दोषावर बोट ठेवणे हा उपहास. हा विवेक मुलांच्या ठायी बाणला, तरच पाठ सफल झाला असे समजावे.